खंजिरीतला आठवा रुपया

सर्व संबंधित, असंबंधित आणि उगाच संबंध जोडणाऱ्या मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकाने इंग्लंडच्या एका राजाला शर्टाच्या आतल्या खिशात घालून बुलढाणा जिल्ह्यात नेले. राजाने कोणतीही तक्रार केली नाही. जाताना आम्ही दोघे होतो. परत येताना किती होतो, हा नाजूक प्रश्न असून आमच्या घरी तो अजून चर्चेत आहे. सबब, अफवा पसरण्यापूर्वी झाला प्रकार मी स्वतःच सांगून टाकतो.

राजाची ओळख करून देतो. तो चांदीचा आहे. अठराशे पस्तीस सालचा, कंपनी सरकारचा रुपया. एका बाजूला उजवीकडे बघणारं राजाचं डोकं, मानेपाशी संपलेलं. दुसऱ्या बाजूला पानांच्या डहाळ्या आणि त्यांच्यामध्ये इंग्रजीत 'वन रुपी', खाली फारसीत 'यक रुपया'. तीस वर्षं मी नाणी जमवतो आहे. त्यातलं हे एकच असं, की ज्यासाठी मी निळ्या मखमलीची डबी करून घेतली. रविवारी सकाळी डबी उघडायची, राजाला बोटांनी कडेला धरून उजेडात बघायचं, पुन्हा ठेवून द्यायचं. बायको म्हणते, "आपल्या घरात भाडं न देता राहणारा हा एकच माणूस आहे."

मग त्याला घराबाहेर का काढलं? दिलीपमुळे.

शेगाव

रेल्वेतल्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वरच्या बर्थवरचे गृहस्थ घोरत होते, खालच्या बर्थवर मी. राजा जागा होता.

शेगावला उतरल्यावर पहिलं काम कचोरी. पुण्यात आम्ही कचोरीवर दही ओततो, शेव टाकतो, चिंचेचं पाणी सोडतो, आणि शेवटी आत कचोरी आहे की नाही हे चमच्याने शोधतो. इथे कचोरी एकटी येते. सोबतीला तळलेली हिरवी मिरची. बस. पहिली कचोरी मी आदराने खाल्ली, दुसरी भुकेने आणि तिसरी निव्वळ हट्टाने. तिसरी चालू असताना पाठीवर थाप पडली.

"काऊन बे पुणेकर! लय वाळला तू!"

हा दिलीप. बी.एड. करायला पुण्यात आला तेव्हा दोन वर्षं माझ्या खोलीत राहिला होता. त्याने माझी भाषा बिघडवली की मी त्याची, यावर अजून एकमत नाही. आता तो सोनाळ्याला शाळेत शिकवतो, घरी आई आणि बायको. शाळेतल्या पोरांना जुना रुपया दाखवावा आणि त्याची गोष्ट सांगावी म्हणून त्याने मला बोलावलं होतं.

"रुपया आणला न?" गाडीत बसता बसता त्याने विचारलं.

"आणला."

"बरं केलं. माय वाट पाहून राह्यली त्याची."

"आणि माझी?"

"तुही बी पाह्यते. पन आधी रुपयाची."

मला भरून आलं. नाणी जमवणाऱ्या माणसाच्या नाण्याची कोणी वाट बघत नाही, हे नाणी जमवणाऱ्यालाच माहीत. पाहुण्यांना आम्ही डबी दाखवायला काढली की त्यांना लगेच घरची आठवण येते. आणि इथे एक माउली एका रुपयासाठी डोळे लावून बसलेली! हा जिल्हा आपला आहे, असं मी मनात नोंदवलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि डोक्याएवढी तूर. समोर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आपण जाऊ तशी हळूहळू जाड होत जाणारी. वरवट बकालला चहासाठी थांबलो. पहिल्या घोटाला मी दचकलो.

"दिलीप, याने साखरेऐवजी मीठ घातलंय."

"दोन्ही हाय. साखर त्याची, मीठ पान्याचं. खारपाणपट्टा हाय बे हा. पूर्णेच्या काठचं पानी असंच."

दुसऱ्या घोटाला बरा लागला. तिसऱ्या घोटाला मी आणखी एक मागवला.

"परवा पुन्हा इथंच यायचं हाय," दिलीप म्हणाला. "खंजिरी भजनाची स्पर्धा हाय. मायचं मंडळ हाय त्यात. बाकी थे तुले मायच सांगीन."

त्याने 'मायच सांगीन' म्हणताना माझ्याकडे न बघता समोर रस्त्याकडे बघितलं होतं, हे मला नंतर आठवलं.

सोनाळा

सोनाळा सातपुड्याच्या पायाशी आहे. गाव मोठं, संत्र्याच्या बागांनी वेढलेलं. दिलीपच्या घरासमोर गाडी थांबली आणि मी बघतो तो काय, अंगणात दहा-बारा बाया ओळीने उभ्या. सगळ्यांच्या अंगावर पांढरी लुगडी, निळे काठ. पुढे एक उंच, काटक म्हातारी. ती दिलीपची आई, काशीबाई. गावात सगळे तिला काशीमाय म्हणतात.

"जयभीम!" तिने म्हटलं, आणि मी 'जयभीम' म्हणेपर्यंत माझ्या खांद्यावर शाल पडली. हातात झेंडूचा गुच्छ आला. मग काशीमाय बायांकडे वळली.

"पाह्यलं का बायांनो? मी म्हटलं होतं न! हा मानूस रातभर गाडीत बसून, झोप मोडून, आपल्या खंजिरीचा दात घेऊन आला!"

टाळ्या झाल्या. आता माझं असं आहे की पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढल्यामुळे टाळी वाजली की माझी कंबर आपोआप वाकते. मी वाकलो. डावीकडे वाकलो, उजवीकडे वाकलो, मधल्यांना हात जोडले. तिसऱ्यांदा वाकलेलो असताना 'दात' हा शब्द माझ्या डोक्यात शिरला.

मी दिलीपला विहिरीच्या आडोशाला ओढलं.

"कुठला दात? तू काय सांगितलंस यांना?"

"मी शाळेतून फोनवर इतकंच सांगतलं, का दोस्त चांदीचा रुपया घेऊन येऊन राह्यला, शाळेत पोट्ट्यांना दाखवाले."

"मग?"

"'दाखवाले' म्हनाच्या आधीच तिनं फोन ठेवला. आन गल्लीत सांगाले गेली."

मग सगळा उलगडा झाला. काशीमायच्या खंजिरीला झांजांऐवजी चांदीचे रुपये होते. लाकडी कड्याला चार खिडक्या, प्रत्येक खिडकीत खिळ्यात ओवलेले दोन राणीछाप रुपये, एकूण आठ. उन्हाळ्यात एका कार्यक्रमात, भजन ऐन रंगात असताना, झिजलेला खिळा निसटला आणि एक रुपया गर्दीवरून उडाला. तेव्हापासून गल्लीतला जो येई तो त्याच्या जागी काहीतरी घेऊन येई. कोणी दहाचं नाणं आणलं, कोणी नटाखालची चकती, एकाने तर बाटलीचं झाकण. दिलीपने खामगावहून लक्ष्मीचं चित्र असलेलं नवं चांदीचं नाणं आणलं, ते वाजलंच नाही. अशा घरी कोणी चांदीचा रुपया घेऊन येतो आहे म्हटल्यावर तो कशासाठी येतो आहे, हे विचारायची गरज कोणाला पडणार?

"मग आता खरं काय ते सांग आईला," मी म्हणालो.

"मी? शाल तुह्या खांद्यावर हाय."

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला दुसरी पोळी वाढताना 'घ्या ना' असं विचारतात, म्हणजे त्याला 'नको' म्हणता येतं. इथे विचारत नाहीत. भाकरी येते, बसते. मी तिसऱ्या भाकरीशी झुंजत असताना दिलीपच्या बायकोने, संगीतावहिनींनी, आतून आवाज दिला.

"भाऊजी, लयच काळा पडला हो तुमचा रुपया! चिंच भिजवली हाय, घासून देते चकाचक."

मी भरताच्या हाताने पानावरून उडी मारली. जेवताना बोचू नये म्हणून कोनाड्यात ठेवलेली डबी उघडी होती. राजा त्यांच्या तळहातावर होता. चिंचेची वाटी वीतभर अंतरावर.

"वहिनी, थांबा! जुनं नाणं घासायचं नसतं! तो काळपटपणा जवळजवळ दोनशे वर्षांत चढलाय, त्याचीच तर किंमत आहे!"

वहिनींनी एकदा रुपयाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मंग आमच्या कढया लाखाच्या झाल्या म्हना की."

राजा वाचला. मी डबी बंद करून खिशात घातली. काशीमाय भिंतीला टेकून हे सगळं बघत होती.

दुपारी तिने खंजिरी माझ्या हातात दिली. "पाह्य वाजवून."

मी हलवली. तीन खिडक्यांमधून छान छनछन आली आणि चौथीतून नुसतं 'टक'. जोडीदार गेलेला रुपया एकटाच लाकडावर आपटत होता.

"माह्या बापाची हाय ही," काशीमाय म्हणाली. "आठ रुपये होते घरात. मायले वाटलं, गळ्यात माळ येईन. बापानं लाकडात घातले. मायनं सहा महिने तोंड नाही पाह्यलं त्याचं."

"आणि हरवलेला सापडलाच नाही?"

"उडताना सगळ्या गावानं पाह्यला. पडताना कोनीच नाही." तिने खंजिरी परत घेऊन मांडीवर पालथी ठेवली. "आता दात पडलेल्या तोंडानं मी नाही गात."

नंतर वहिनींनी मला हळूच सांगितलं ते असं. रुपया उडाला त्या दिवसापासून काशीमायने तोंडातून सूर काढला नव्हता. पूर्वी तांदूळ निवडतानासुद्धा गायची, आता रेडिओही बंद करायला लावते. परवाच्या स्पर्धेला मंडळाचं नाव गेलं आहे, पण गाणारी तीच. ती उठली नाही तर बाकीच्या नुसत्या टाळ्या वाजवून परत येणार, आणि मग हे मंडळ पुढे चालणार नाही. "पन आता तुमी आले, चिंता मिटली," असं म्हणून वहिनींनी मला सोललेलं संत्रं दिलं. इतकं गोड संत्रं मी आयुष्यात कधी इतक्या अपराधीपणे खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी पोरांऐवजी अंगणात बायाच जमल्या आणि मला रुपयाची गोष्ट सांगायला बसवलं. संकटात असलो तरी श्रोते समोर दिसले की मी सुटतो. मी उभा राहिलो.

"बायांनो, एक काळ असा होता की आपल्या देशात रुपया नव्हता. रुपये होते! पुण्याचा वेगळा, नागपूरचा वेगळा, चांदवडचा वेगळा. हे वऱ्हाड तेव्हा निजामाकडे, म्हणून इथे हैदराबादचा. कोणाची चांदी चोख, कोणाची भेसळीची. कोणाचं वजन पुरं, कोणाचं कमी. इथला माणूस चार मुलखांपलीकडे गेला की त्याच्या रुपयाला सराफ नाक मुरडायचा आणि बट्टा कापायचा. एका गावात तो सावकार, पुढच्या गावात अर्धा सावकार, त्याच्या पुढच्या गावात भिकारी! आणि मग अठराशे पस्तीस साली कंपनी सरकारने कायदा केला, की आमच्या सगळ्या मुलखात रुपया एकच. वजन एक, चांदी एक, चेहरा एक. यंत्रावर पाडलेला, म्हणून लोक त्याला कलदार म्हणायला लागले. कळ म्हणजे यंत्र. या वऱ्हाडात तो पाय रोवायला आणखी वर्षं गेली, पण आला आणि बसला. देश तेव्हा आपला नव्हता, राजा आपला नव्हता, त्याने हा मुलूख डोळ्यांनी बघितलासुद्धा नाही. पण काश्मीरपासून खालपर्यंत एकच नाणं चालावं, याची सुरुवात या डबीतल्या गड्यापासून झाली!"

काश्मीर तेव्हा कंपनीकडे नव्हतं, हे मला बोलता बोलता आठवलं, पण वाक्य चांगलं चाललं होतं.

काशीमाय विचारात पडली होती. "म्हंजे आधी हरेक रुपया आपल्या सुरात. आन मंग सगळे एका सुरात आनले."

"अगदी!"

"म्हनूनच बापानं हेच घातले. जुन्यांचा एक इकडं, एक तिकडं." मग तिने विचारलं, "खंजिरीत जी राणी हाय, थे याची कोन?"

"पुतणी. सख्खी. याच्या मागून तीच गादीवर आली."

सगळं अंगण हसलं. काशीमायचे डोळे चमकले. "मंग त घरचंच मानूस हाय! काका पुतनीकडं राहाले आला!"

मी डबी उघडली, राजाला सगळ्यांना दाखवलं आणि पटकन बंद केली.

खामगाव

रात्रभर विचार करून मी एक उपाय काढला, आणि तो इतका हुशारीचा होता की माझा मलाच अभिमान वाटला. खामगाव म्हणजे चांदीचं गाव. भोक पाडायच्या कामासाठी खामगावला जाऊ, असं म्हणायचं, तिथे एखादा झिजका राणीछाप रुपया विकत घ्यायचा, तोच खंजिरीत बसवून आणायचा. खंजिरीला दात, काशीमायला सूर, माझा राजा मखमलीत. दिलीपला मान्य.

"मी बी येतो," काशीमाय म्हणाली. बाया पुष्कळदा पुरुषी क्रियापद वापरतात तिकडे, मला ते फार आवडतं. "खंजिरी माह्याबिगर कुठी जात नाही."

उपाय तिथेच अर्धा कोसळला. गाडीत ती मागे बसली, मांडीवर खंजिरी. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आला की छन, छन, छन, टक.

चांदीच्या दुकानांच्या गल्लीत दिलीपच्या ओळखीच्या एका शेठजींकडे गेलो. पांढरी गादी, काचेची कपाटं, वजनकाटा, मागच्या खोलीत कारागीर. मी सहज आवाजात म्हणालो, "माय, आलोच आहोत तर इथले जुने रुपयेही बघून ठेवू. असू दे एखादा जास्तीचा."

शेठजींनी ताटलीत जुने राणीछाप रुपये ओतले. काशीमायने खंजिरीतला जोडीदार गमावलेला रुपया सोडवून घेतला, ताटलीतला एक उचलून बोटाच्या टोकावर तोलला आणि त्यावर जोडीदार हलकाच आपटला.

"हा बसला. सर्दी झाली याले."

दुसरा. "हा ओरडते."

तिसऱ्याच्या कडेला कडी जोडण्यासाठी डाग दिल्याची खूण होती. "हा गळ्यातल्या माळेत होता. बाईच्या गळ्यात राहून राहून गप झाला. आमच्या घरात नाही चालत."

गिऱ्हाइकं जमली. एक नवरी मुलगी आईबरोबर पैंजण घ्यायला आली होती, ती पैंजण विसरून इकडे बघायला लागली. शेठजींना आधी राग आला, मग गंमत वाटायला लागली, मग तेच मागच्या कपाटातून आणखी रुपये काढायला लागले. चांगले आवाज होते त्यात, मी शपथेवर सांगतो. माझ्या कानाला सगळे सारखेच. पण जोडीदारापाशी आणला की काशीमायची मान हले. एक जवळजवळ जमला होता. मी आशेने पाकिटाला हात घातला. तिने पुन्हा एकदा वाजवला आणि बाजूला ठेवला.

"नाही. चला."

"अहो, पण..."

तिने मला गादीवर तिच्याजवळ बसवलं आणि आवाज खाली आणला. "पोरा, तू द्याले नाही आला. मले कालच समजलं."

माझा हात आपोआप खिशातल्या डबीवर गेला.

"तू पेटी उघडते आन लगेच झाकते. देनारा मानूस पेटी झाकत नाही. आमच्या दिलीपच्या बोलन्यात गडबड झाली, तुही चुकी नाही. शाल ठेव, थे पाहुन्याची हाय." ती उठायला लागली. "पोरी जातीन स्पर्धेले. गातीन जसं जमन तसं. मी घरी राह्यतो."

दिलीप पायाच्या अंगठ्याने गादी उकरत होता. मी म्हणालो, "माय, ऐका तरी..."

"एक काम कर मात्र. एकदा वाजवून पाहू दे. घेत नाही. निस्ता आवाज आयकतो."

मी डबी उघडली. आता सांगण्यासारखी गोष्ट अशी की तीस वर्षांत मी तो रुपया कधी वाजवला नव्हता. आमच्यात वाजवत नाहीत. कडेला ओरखडा जातो. रुपयाचा रंग मला माहीत होता, वजन माहीत होतं, राजाच्या केसांची बट न् बट माहीत होती. काशीमायने त्याला बोटाच्या टोकावर तोललं आणि पुतणीने काकाला हलकेच स्पर्श केला.

काय सांगू! तो आवाज निघाला, आणि थांबेचना. शेठजींचा कॅल्क्युलेटरवरचा हात थांबला. मागच्या खोलीतली ठोकठोक थांबली. दोन नाण्यांचा मिळून एकच सूर झाला, बारीक होत होत गेला आणि गेल्यावरही दुकानात कोणी हललं नाही. काशीमायने डोळे मिटले होते, आणि तिच्या गळ्यातून, तिला कळायच्या आत, तोच सूर बाहेर पडला. हलकासा. उन्हाळ्यापासूनचा पहिला.

तिने डोळे उघडले आणि राजा माझ्या डबीत ठेवला. "लय गोड बोलते तुहा राजा. जप."

तीस वर्षं माझ्या घरात होता, आणि बोलतो हेच मला माहीत नव्हतं.

"शेठजी," मी म्हणालो, आणि माझा आवाज नाटकातल्यासारखा आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, "शेठजी, कारागिराला बोलवा. याला भोक पाडायचं आहे."

"काऊन?" काशीमाय म्हणाली.

"काकाला पुतणीकडे राहायचंय. मी काय करू?"

कारागीर आला. रुपया हातात घेऊन त्याने मध्यबिंदू काढला, खूण केली आणि हसायला लागला. "साहेब, बरोब्बर कानावर येऊन राह्यलं."

खरंच. नाण्याचा मध्य म्हणजे नेमका राजाचा कान. शेठजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग त आमचंच काम! लेकराचे कान सोनारानंच टोचायचे असते!"

दुकानात एकदम बारशाची कळा आली. नवरी मुलीच्या आईने "अक्षत तरी टाका" म्हणून डोळे मिचकावले. काशीमाय म्हणाली, "लेकराच्या तोंडात गूळ द्या, नाही त रडन." गूळ नव्हता, चहाच्या डब्यातली साखर आली. कारागिराने यंत्र सुरू केलं आणि मला म्हणाला, "तुमी पाहू नका." मी भिंतीकडे तोंड केलं. किर्रर्र असा आवाज आला आणि त्याच क्षणी काशीमायने साखरेची चिमूट माझ्या तोंडात कोंबली.

भोक पाडताना निघालेला चांदीचा चुरा कारागिराने कागदाच्या पुडीत बांधून दिला. सध्या निळ्या मखमलीच्या डबीत ती पुडी आहे. घरी आल्यावर बायकोने डबी उघडली आणि विचारलं, "राजा कुठाय?" मी म्हणालो, "नोकरीला लागला." ती पुढे जे बोलली ते प्रवासवर्णनात बसत नाही.

वरवट बकाल

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्पर्धा. शाळेच्या मैदानावर मांडव, सतरंज्या, ध्वनिक्षेपकाची नेहमीची कुरकुर, सात-आठ गावांची मंडळं. चहा तसाच खारट, आणि आता मला बिनमिठाचा चहा अळणी लागेल की काय अशी भीती. आमच्याकडे गाण्याच्या कार्यक्रमात दाद द्यायची तर मान हलवतात, फार झालं तर 'क्या बात है' पुटपुटतात. इथे आवडलं तर उठून उभे राहतात आणि नाही आवडलं तर जोरात बोलायला लागतात. गाणाऱ्याला निकालाची वाट बघावी लागत नाही.

निकाल आताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. दुसरा नंबर. पहिला कोणाला मिळाला ते विचारू नका. सोनाळ्याच्या बाया परतीच्या वाटेवर त्यावर जे बोलल्या, त्यात परीक्षकांच्या कानांचा उल्लेख वारंवार आला. पण त्या भांडत होत्या, मोठमोठ्याने भांडत होत्या आणि पुढच्या वर्षी काय गायचं तेही ठरवत होत्या. मंडळ चालू होतं. आणि सगळ्यांच्या वर काशीमायचा आवाज होता.

पण मला सांगायचा आहे तो क्षण निकालाच्या आधीचा. सोनाळ्याचं नाव पुकारलं. बाया चढल्या, अर्धवर्तुळात बसल्या. मध्ये काशीमाय. चौथ्या खिडकीत, एकाच खिळ्यावर, उजवीकडे बघणारा काका आणि डावीकडे बघणारी पुतणी, समोरासमोर. मी पुढच्या रांगेत, खांद्यावर शाल. तिने खंजिरी डोक्याच्या वर नेली आणि मांडवभर नजर फिरवली. लोक गप्प झाले. दूर कुठेतरी एक मोटारसायकल गेली, तीही गप्प झाली. मग तिने मनगटाला एकच झटका दिला.

तो आवाज मांडवावरून सरळ सातपुड्याकडे गेला, असं मला वाटलं. माझ्या शेजारी एक अनोळखी, पागोटंवाले आजोबा बसले होते. ते पुढे झुकले आणि त्या शांततेत म्हणाले, "वा रे वा, काय वाजून राह्यला थो रुपया!"

आणि मी, जो नाटकात दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला शिकलेला माणूस आहे, ताडकन उभा राहिलो आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडलो:

"अहो, कालच कान टोचलेत त्याचे!"